क्लच, हाफ क्लच आणि ऐकीव ज्ञान

नगर–मनमाड रस्ता राहुरीच्या वस्तीतून जातो. मोटारीच्या क्लचची जेवढी परीक्षा या रस्त्यावर होते, तेवढी मोठ्या शहरातही क्वचितच होत असेल. शिर्डीच्या गाड्या, शनिवारी आणि अमावास्येला शिंगणापूरकडे वळणारी रांग, वर्षानुवर्षे रेंगाळलेले रस्त्याचे काम, आणि गाळप हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला, असे करत डावा पाय दमतो आणि मग तो क्लचवरून उठतच नाही. काही महिन्यांनी गाडी ओढेनाशी होते. मालक कंपनीला, रस्त्याला नाहीतर गाडी मागून नेणाऱ्या भाच्याला दोष देतो. खरा दोष बहुधा एखाद्या ऐकीव नियमाचा असतो. शिकवणाऱ्याने तो सांगितलेला असतो, शिकणाऱ्याने निमूट पाळलेला असतो आणि तपासून कोणीच पाहिलेला नसतो.

आधी क्लचचे काम थोडक्यात पाहू. इंजिनाला जोडलेले जड फ्लायव्हील सतत फिरत असते. गिअरबॉक्सच्या दांड्यावर क्लच प्लेट असते, तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर असते. प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की एक बेअरिंग स्प्रिंगला रेटते, दाब सुटतो आणि इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. पेडल पूर्ण सोडले की संबंध पुन्हा घट्ट जुळतो. पेडल पूर्ण दाबलेले असताना अस्तर झिजत नाही आणि पूर्ण सोडलेले असतानाही झिजत नाही. झीज होते ती मधल्या स्थितीत, म्हणजे इंजिन एका गतीने आणि प्लेट दुसऱ्या गतीने फिरत एकमेकांवर घासतात तेव्हा. या स्थितीलाच सगळे हाफ क्लच म्हणतात. गाडी जागची हलवायला ती एक-दोन सेकंद लागतेच. त्यापलीकडे ती जितकी लांबेल तितके अस्तर जळते.

गैरसमज: थांबायचे असेल तर आधी क्लच दाबायचा, मग ब्रेक, नाहीतर गाडी बंद पडते.

शिकाऊ माणसाच्या मनात सर्वात खोल रुतलेला नियम हाच आहे, आणि तो का रुततो हे समजण्यासारखे आहे. पहिल्या आठवड्यात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, दहा-पंधराच्या वेगाने चालते. त्या वेगाला ब्रेक लावला आणि क्लच दाबला नाही, तर गाडी खरोखरच गचका खाऊन बंद पडते. बसस्थानकासमोर, मागे हॉर्नचा गोंगाट चालू असताना दोनदा असे झाले की माणूस त्याची धास्ती घेतो. त्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याकडेही क्लच-ब्रेकची जोडपेडले असतात. प्रसंग आला की तो स्वतः क्लच दाबून गाडी सावरतो, त्यामुळे नेमका कधी दाबायचा हे शिकणाऱ्याला कळतच नाही. पहिल्या आठवड्यापुरता बरोबर असलेला हा नियम मग आयुष्यभराचा होतो.

प्रत्यक्षात इंजिन बंद पडते ते त्याची गती निष्क्रिय गतीच्या, म्हणजे मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांच्या, खाली ओढली गेली की. लहान मोटार टॉप गिअरमध्ये असेल तर वेग ताशी तिसाच्या आसपास येईपर्यंत ही वेळ येत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये ती दहाच्या आसपास येते. म्हणजे ताशी साठवरून थांबताना बराच काळ फक्त ब्रेक पुरतो आणि क्लचची गरज शेवटी-शेवटी लागते. तोवर गिअरमध्ये असलेले इंजिनही गाडीला मागे खेचत असते. क्लच आधी दाबला की ही फुकटची मदत जाते.

वेळेचा हिशोब तर याहून महत्त्वाचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पाय आधी क्लच शोधतो आणि ब्रेक अर्ध्या सेकंदाने लागतो, तेवढ्यात गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते. अंधारात, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली समोर असेल, तर हे ८ मीटर सोडून देता येणार नाहीत. अचानक थांबायची वेळ आली तर उजवा पाय आधी आणि पूर्ण जोराने ब्रेकवर गेला पाहिजे. डावा त्याच क्षणी किंवा मागोमाग क्लचवर गेला तरी चालते. अशा वेळी गाडी बंद पडली तरी काही बिघडत नाही. ती थांबलेली असते, आणि हवे होते तेच झालेले असते.

गैरसमज: उतारावर न्यूट्रल केले किंवा क्लच दाबून धरला की इंधन वाचते.

हा समज निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात तथ्य होते. १९८३ साली रस्त्यावर आलेली पहिली मारुती ८०० घ्या किंवा त्याआधीची पद्मिनी-अँबेसेडर घ्या. या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंजिन वेगाने फिरे आणि कार्ब्युरेटरमधून थोडे पेट्रोल ओढत राही. न्यूट्रल केले की इंजिन शांत होई आणि पेट्रोलही कमी लागे. त्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांनी जे पाहिले तेच मुलांना सांगितले.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हिशोब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला आहे आणि इंजिन पुरेशा गतीने फिरते आहे, हे संगणकाने ओळखले की तो इंधन पूर्ण तोडतो. इंजिनाला फिरवण्याचे काम त्या वेळी चाके करतात. न्यूट्रल केल्याबरोबर चाकांचा आधार जातो आणि इंजिनाला जिवंत राहण्यासाठी पुन्हा इंधन लागते. लहान पेट्रोल गाडीला ते तासाला साधारण अर्धा लिटर ते त्याहून थोडे जास्त असते. म्हणजे घाटाच्या उतारावर गिअरमध्ये खर्च शून्य आणि न्यूट्रलमध्ये थोडा का होईना खर्चच. अगदी मंद उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांबपर्यंत घरंगळते, हे मान्य केले पाहिजे. पण जिथे वेग आवरण्यासाठी ब्रेक लावावा लागतो, तिथे हा लाभ उरत नाही.

आणि इंधनाचा प्रश्न इथे दुय्यम आहे. राहुरी तालुक्यात वांबोरी घाट आहे, नगरकडे जाताना विळद घाट लागतो, पाथर्डीच्या वाटेवर करंजी घाट आहे. इथे गिअर काढून उतरणारी गाडी सगळा भार ब्रेकवर टाकते. ब्रेक सतत दाबलेला राहिला की पॅड तापतात, त्यांची पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. काही जण याच्याही पुढे जाऊन किल्ली फिरवतात आणि इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली निघाली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते. पुण्यात २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाजवळ एका मालवाहू ट्रकने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. ब्रेक निकामी झाल्याची चर्चा आधी झाली. पण ब्रेकमध्ये बिघाड नव्हता आणि कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या उतारावर चालकाने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे प्राथमिक तपासातून पुढे आले. गाडी ट्रक असो की मोटार, नियम एकच आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, आणि क्लचवरून पाय पूर्ण काढलेला असावा. क्लच दाबून धरलेली गाडी गिअरमध्ये असली तरी व्यवहारात न्यूट्रलमध्येच असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

गैरसमज: चढावर हाफ क्लचवर गाडी जागच्या जागी धरून ठेवता येणे, हीच खरी ड्रायव्हिंगची कला.

कौतुकामुळे टिकलेला समज हा. पुलाच्या चढावर रांग थांबली आहे, हॅण्डब्रेक ओढलेला नाही, ब्रेकवर पाय नाही, आणि गाडी पुढेही जात नाही की मागेही येत नाही. शेजारी बसलेल्याला हे जादूसारखे वाटते. त्यात पायाचे नियंत्रण असते, हे खरेच आहे. पण त्या नियंत्रणाची किंमत कोण चुकवते, हे त्याला दिसत नाही.

हिशोब असा. माणसांसह १,३०० किलो वजनाची गाडी शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर उभी आहे. तिला मागे घसरू न देण्यासाठी पहिल्या गिअरमध्ये क्लचमधून साधारण २० न्यूटन-मीटर इतके पिळाचे बळ जावे लागते. इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरते आहे आणि चाके थांबलेली आहेत, म्हणून प्लेटही थांबलेली आहे. या दोन गतींतला सगळा फरक उष्णतेत जातो, आणि ती उष्णता सुमारे तीन किलोवॉट भरते. हजार वॉटच्या तीन इस्त्र्या एका बंदिस्त डब्यात पूर्ण तापवून ठेवाव्यात, तसे ते आहे. मिनिटभर गाडी अशी धरली की करपल्याचा वास येतो. त्या वासाबरोबर अस्तरही गेलेले असते आणि ते परत येत नाही. फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावर निळसर डाग पडतात आणि पुढे गाडी सुटताना थरथरू लागते.

योग्य रीत सोपी आहे आणि दिसायलाही काही वाईट नाही. थांबल्यावर हॅण्डब्रेक ओढावा आणि न्यूट्रल करून दोन्ही पायांना विश्रांती द्यावी. निघताना पहिला गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिनाचा आवाज किंचित दबला आणि गाडीचे नाक जरासे उचलले की पकड आली असे समजावे. तिथे पाय स्थिर ठेवून थोडी रेस द्यावी, हॅण्डब्रेक सोडावा आणि गाडी चालू लागली की क्लचही पूर्ण सोडावा. यातही क्लच घासतो, पण एक-दोन सेकंदच, आणि तेवढ्यासाठी तो बनवलेलाच असतो. अनेक नव्या गाड्यांत चढावर ब्रेक दोनेक सेकंद आपोआप धरून ठेवण्याची सोय असते. ती असेल तर वापरावी, त्यात कमीपणा नाही.

गैरसमज: पाय क्लचवर नुसता टेकवला तर काही होत नाही, दाबला तरच होते.

पेडल खाली गेल्याचे दिसत नाही, म्हणून हे खरे वाटते. पण क्लचचे पेडल ही तरफ आहे. पायाचा लहानसा दाब तिच्यातून कित्येक पटींनी वाढून स्प्रिंगपर्यंत पोचतो. वायरच्या क्लचमध्ये पेडलला थोडी मोकळी हालचाल मुद्दाम ठेवलेली असते आणि टेकवलेल्या पायाच्या वजनानेच ती संपते. मग बेअरिंग सतत फिरत राहते आणि झिजते. दाब थोडा जास्त असेल तर स्प्रिंगची पकडही ढिली पडते आणि भार आल्यावर प्लेट घसरते. ताशी चाळीसने ट्रॅक्टरमागे जाताना ‘केव्हाही गिअर बदलावा लागेल’ म्हणून पाय तयार ठेवण्याची सवय लागते. डाव्या बाजूला पाय ठेवायला जागा असते, ती त्यासाठीच असते. गिअर बदलला की पाय तिकडे गेला पाहिजे.

गैरसमज: फाटकावर किंवा गर्दीत पहिला गिअर टाकून, क्लच दाबून थांबले तर लवकर निघता येते आणि झीजही होत नाही.

क्लच पूर्ण दाबलेला असताना प्लेट झिजत नाही, इथपर्यंत हे बरोबर आहे. पण बेअरिंग आणि स्प्रिंग मात्र पूर्ण दाबाखाली राहतात. पाय घसरला किंवा मागून कोणी जरा धडकले, तर गाडी उडी मारून समोरच्यावर जाते, आणि समोर दुचाकी असू शकते. दहा सेकंदांचा थांबा असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर न्यूट्रल आणि हॅण्डब्रेक.

गैरसमज: ट्रॅक्टर चालवता येतो त्याला मोटारीचा क्लच शिकावा लागत नाही.

मुळा धरणाच्या कालव्यांनी भिजणाऱ्या या तालुक्यात मोटारीच्या आधी ट्रॅक्टर हातात येतो. त्यातून आलेला आत्मविश्वास खरा असतो आणि उपयोगीही असतो. पेडलांची भीती अशा माणसाला नसते. अडचण अशी की दोन क्लचांची कामे वेगळी आहेत. पुष्कळ ट्रॅक्टरांना दुहेरी क्लच असतो. पेडल अर्धे दाबले की चाकांची ओढ थांबते, पण रोटाव्हेटरसारखे अवजार फिरत राहते. पूर्ण दाबले की अवजारही थांबते. म्हणजे अर्धे पेडल ही तिथे कामाची, मुद्दाम बनवलेली पायरी आहे. त्या पायरीवर प्लेट घासत नाही, ती मोकळी झालेली असते. मोटारीत अर्धे पेडल म्हणजे निव्वळ घासणे. शिवाय ट्रॅक्टर अनेकदा उभा असतानाच हवा तो गिअर टाकून काढला जातो. इंजिन जड, डिझेल आणि कमी गतीवर जोर देणारे असल्याने ते चालूनही जाते. मोटार तिसऱ्या गिअरमध्ये उठवायला गेले तर ती केवळ क्लच घासूनच उठते. तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला पाय चालवायला शिकवावे लागत नाही, पण पाय कुठे थांबवायचा नाही हे मात्र नव्याने शिकावे लागते.

गैरसमज: रेस जास्त दिली की गाडी हमखास सुटते, चिखलात तर द्यावीच लागते.

रेस जास्त दिल्यावर गाडी बंद पडत नाही, म्हणून शिकाऊ माणसाला हा उपाय वाटतो. पण इंजिनाची गती जितकी जास्त, तितका प्लेटशी असलेला फरक जास्त आणि उष्णताही जास्त. सपाट रस्त्यावर बहुतेक मोटारी अजिबात रेस न देताही, केवळ क्लच हळू सोडून, चालू लागतात. मोकळ्या मैदानात हा सराव करून पाहावा. पकड कुठे येते ते पायाला याने जितके लवकर कळते तितके दुसऱ्या कशानेही कळत नाही.

काळ्या मातीत रुतलेल्या गाडीची गोष्ट आणखी वेगळी. पावसाळ्यात वस्तीवरच्या वाटेला चाक बसले की चौघे धक्का मारतात आणि चालक इंजिन ओरडेपर्यंत रेस देत क्लच अर्धवट धरतो. मोकळे झालेले चाक जागच्या जागी फिरते आणि आणखी खोल जाते. डिफरन्शिअल सगळी गती त्याच घसरणाऱ्या चाकाला देते, आणि क्लच इकडे जळतो. माणसे उतरवावीत, चाकापुढचा चिखल काढावा, पाचट, गोणपाट किंवा खडी टाकावी, आणि दुसऱ्या गिअरमध्ये अगदी कमी रेसवर क्लच पूर्ण सोडून गाडी काढावी. दोन-तीन प्रयत्नांत निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवावा. क्लच प्लेटच्या खर्चापेक्षा तो स्वस्तच पडतो.

गैरसमज: एएमटी गाडीला क्लच नसतो, म्हणून तो जळण्याचा प्रश्नच नाही.

क्लच नसतो तो पायाखाली, गाडीत असतोच. २०१४ साली आलेल्या सेलेरिओपासून आपल्याकडे लहान गाड्यांत एएमटी रुळली. तिच्यात नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच सुका क्लच असतो. फक्त तो दाबण्या-सोडण्याचे काम यंत्र करते. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, तर ते यंत्रही हाफ क्लचच करते, आणि ती सवय तितकीच महागात पडते. घरातली जुनी गाडी विकून एएमटी घेणाऱ्या ज्येष्ठांना हे विकणाऱ्याने आवर्जून सांगायला हवे.

गैरसमज: गिअर खाली आणताना डबल क्लच मारलाच पाहिजे.

जुन्या ट्रक-बसच्या गिअरबॉक्समध्ये हे कौशल्य अत्यावश्यक होते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, रेस देऊन, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकला नाही तर दाते कर्कश वाजत. त्या चालकांचे कसब मोठे होते. पण कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणलेल्या सिंक्रोमेशने दोन्ही गतींचा मेळ घालण्याचे काम गिअरबॉक्सकडेच सोपवले. आजच्या मोटारींच्या सगळ्या पुढच्या गिअरांना ती सोय असते. अनेक गाड्यांत रिव्हर्सला ती नसते. म्हणून गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून क्षणभर थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा.

गैरसमज: क्लच घसरायला लागला की वायर आवळून घ्यायची.

एखाद्या गाडीला वायर आवळल्याने खरोखर गुण आलेला असतो, म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो. पण तिची तक्रार उलटी असते. वायर ताणली गेली की पेडल पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर अडतात. तेव्हा आवळणे योग्य. घसरणाऱ्या क्लचचे दुखणे वेगळे आहे. अस्तर झिजत गेले की वायरच्या क्लचची पकड वर-वर येते आणि पेडलची मोकळी हालचाल संपते. अशा वेळी वायर आणखी आवळणे म्हणजे क्लच कायमचा अर्धवट दाबून ठेवणे. घसरतो आहे का, हे घरच्या घरी पाहता येते. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी पन्नासच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबावा. इंजिनाचा आवाज आणि फेऱ्या झपकन वाढल्या पण वेग तसा वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. मोकळी हालचाल बरोबर करूनही घसरण थांबली नाही, तर प्लेट बदलण्याला पर्याय नाही.

गैरसमज: क्लच प्लेट ठरावीक किलोमीटरला जातेच; आणि बायकांच्या हाती गाडी असली की लवकर जाते.

प्लेटला किलोमीटर मोजता येत नाहीत. तिला फक्त घासणे कळते. लांब पल्ल्याला चालणाऱ्या गाडीची प्लेट लाख किलोमीटर ओलांडते आणि नवी कोरी प्लेट एका दुपारच्या चुकीच्या सरावात जळते. दोन शेजाऱ्यांच्या एकाच मॉडेलच्या गाड्यांत एवढा फरक पडतो तो यामुळे.

दुसरा भाग ठामपणे खोडायला हवा. क्लचच्या रचनेत असे काहीही नाही ज्याचा पाय दाबणाऱ्याच्या बाई किंवा पुरुष असण्याशी संबंध आहे. समज टिकतो तो वेगळ्या कारणाने. पुष्कळ घरांत मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी शेतात ट्रॅक्टरवर चुका करून घेतो आणि त्या चुका कोणी मोजत नाही. सून किंवा मुलगी तिशीत थेट घरच्या नव्या गाडीवर शिकते, आणि तिच्या शिकाऊपणाची झीज सगळ्यांना दिसते. त्यात शेजारच्या सीटवरून ‘क्लच दाब, क्लच दाब’ असा सतत धोशा असतो, म्हणजे चूक करायला लावणारा दुसराच असतो. तिला मोकळे मैदान, शांत सोबत आणि पुरेसे तास दिले की हा फरक राहत नाही.

गैरसमज: परीक्षेपुरता आठचा आकडा आणि रिव्हर्स जमला की झाले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पंधराव्या नियमात चालकाला काय-काय जमले पाहिजे याची यादी आहे. उतारावर झटकन खालच्या गिअरमध्ये येणे त्यात आहे. तीव्र चढावर थांबून, हॅण्डब्रेकचा किंवा रेस आणि ब्रेकचा नीट वापर करून, अजिबात मागे न घसरता गाडी पुन्हा काढणे हेही त्यात आहे. म्हणजे क्लचची खरी परीक्षा कायद्याने मागितलेलीच आहे. सपाट मैदानावर शिकून ती देता येत नाही. म्हणून शिकवणीचे पैसे भरतानाच चढावर गाडी थांबवून पुन्हा काढण्याचा सराव मिळणार का, हे विचारून घ्यावे, आणि तो झाल्याशिवाय शिकवणी पूर्ण झाली असे मानू नये.